जर्मनी ते इटली स्वतः गाडी चालवत: तिकडच्या पाट्या आणि पट्टे कसे वाचायचे?

वडगावचे_अण्णा

नमस्कार मंडळी. लेक-जावई स्टुटगार्टला असतात. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडं जाणार आहोत. जावयांना सुट्टी मिळणं कठीण, म्हणून तिथून भाड्याची गाडी घेऊन आपणच इटलीपर्यंत जाऊन यावं असं चाललंय.

गाडीची भीती नाही. चोर्ला, आंबोली, तवंदी, सगळे घाट पावसाळ्यातसुद्धा केलेत. स्टिअरिंग डावीकडं, गाडी उजवीकडून, हे चार दिवसांत हाताला बसेल. अडचण पाट्यांची आहे. जावयांनी त्यांच्या घराजवळच्या पाट्यांचे फोटो पाठवलेत. एक पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला, त्यावर एक अक्षर नाही. एक लाल कडेची गोल पाटी, आत नुसतं पांढरं. एका फोटोत रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत आणि त्यांना छेदून तिरके पिवळे पट्टे. यातलं नक्की काय मानायचं?

'मॅप लावा, तो सांगेल' असं कृपया कोणी म्हणू नये. मॅप रस्ता दाखवतो, नाक्यावर आधी कोणी जायचं ते दाखवत नाही.

येळ्ळूर_गड

अण्णा, आपण बेळगावकर जन्मभर न वाचता येणाऱ्या कन्नड पाट्यांखालून गाडी चालवतोय. जर्मन पाटी काय वेगळं करणार आहे?

शहापूरचे_गुरुजी

तो विषय दुसऱ्या धाग्यात भरपूर चाललाय, इथं नको. पण येळ्ळूरकर गमतीत बोलले तरी त्यात तथ्य आहे. कोगनोळी नाका (महाराष्ट्र-कर्नाटक हद्द) ओलांडला की पाटीवरची लिपी बदलते, पाटीचा आकार बदलत नाही. त्रिकोण म्हणजे पुढं धोका, लाल कडेचा गोल म्हणजे मनाई, भरीव निळा गोल म्हणजे असंच करा, निळा चौकोन म्हणजे माहिती. हे सगळं १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं आहे आणि भारत १९८० पासून त्यात आहे. जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडसुद्धा त्यातच. म्हणजे तुमच्या ओळखीच्या निम्म्याहून जास्त पाट्या तिकडं भेटतील.

अष्टकोनी पाटी एकट्या 'थांबा'साठी आणि उलटा त्रिकोण एकट्या 'वाट द्या'साठी का ठेवलाय? बर्फानं झाकली किंवा मागच्या बाजूनं दिसली तरी आकारावरून कळावी म्हणून. समोरून येणाऱ्याला 'वाट द्या' आहे की नाही, हे त्याच्या पाटीची पाठ बघून तुम्हाला कळतं.

खानापूरची_सून

अण्णा, मी म्युनिकला असते. इथं भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही. राहायला आल्यावर सहा महिने चालतं, नंतर लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्या अभ्यासामुळं हे सगळं डोक्यात पक्कं बसलंय. तुम्ही पाहुणे म्हणून येताय, तुम्हाला परीक्षा नाही. पण तुमचे तिन्ही फोटो नेमके परीक्षेतले आहेत.

पिवळा चौकोन (पांढऱ्या किनारीचा): तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, पुढच्या प्रत्येक नाक्यावर आधी तुम्ही. त्याच चौकोनावर काळ्या तिरक्या रेघा मारलेल्या दिसल्या की तो मान संपला.

आणि संपला म्हणजे काय, हेच सगळ्यात महत्त्वाचं. जिथं सिग्नल नाही, पाटी नाही, तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो किती बारक्या बोळातून येतोय याला अर्थ नाही. घरांच्या वस्तीत ताशी ३० ची झोन असते, तिथं नाक्यांवर सहसा पाटीच नसते. तुम्ही रुंद रस्त्यावरून सरळ चाललाय, उजवीकडं दोन घरांच्या मधून एक फट दिसते, त्या फटीतून एक छोटी गाडी येते आणि तुमच्याकडं न बघता सरळ पुढं घुसते. ती चालवणाऱ्याला माहीत असतं की तुम्ही थांबणार. आपल्याकडून आलेला माणूस तिथं पहिल्यांदा हॉर्नवर हात ठेवतो. म्हणून अशा वस्तीत प्रत्येक फटीपाशी पाय ब्रेकवर आणि मान उजवीकडं.

रिकामा लाल गोल: सगळ्या वाहनांना बंदी. पण खाली छोटी पांढरी पट्टी असेल आणि त्यावर 'आनलीगर फ्राय' असेल, तर त्या रस्त्यावर ज्यांचं घर किंवा काम आहे त्यांना मुभा. तुमच्या लेकीच्या घराला जाताना चालेल, रस्ता जवळचा पडतो म्हणून मधून निघायला चालणार नाही.

तिरके पिवळे पट्टे: काम चालू आहे. पिवळा पट्टा असेल तिथं पांढरा नाहीच असं समजायचं. लेन अरुंद होते, कधी पलीकडच्या बाजूला जाते, डोळे पिवळ्यावरच ठेवायचे.

येळ्ळूर_गड

उजवीकडच्याला आधी? हे फारच झालं. रुंद रस्ता कोणाचा आणि बोळ कोणाचा!

शहापूरचे_गुरुजी

येळ्ळूरकर, हा नियम आपल्याकडंही आहे. १९८९ च्या 'रूल्स ऑफ द रोड' नियमावलीत (२०१७ मध्ये तिच्या जागी नवी आली) लिहिलं होतं की सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या नाक्यावर मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्याला वाट द्या, आणि तसा मुख्य रस्ता नसेल तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला. लायसन्स काढताना कोणी विचारलं नाही आणि आपणही वाचलं नाही. फरक इतकाच की तिकडं बोळातला माणूस त्या नियमाच्या भरवशावर गाडी पुढं काढतो. आपल्याकडं बोळातला माणूस बंपर दाखवून उभा राहतो आणि तोच वाटाघाटीला सुरुवात करतो.

उद्यमबाग_लेथ

मशीनच्या कामानं जर्मनीला जाणं-येणं असतं, गाडी मीच चालवतो. सूनबाईंनी बरोबर सांगितलंय. माझं म्हणणं एकच. पाट्यांपेक्षा पट्टे आधी शिका. पाटी चुकली तर पुढं परत मिळते, पट्टा चुकला तर तुम्ही चुकीच्या जागी उभे असता.

आपल्याकडं पांढरा रंग मारला की आठवड्यात टायरखाली पुसला जातो, त्यामुळं पट्ट्याकडं बघायची सवयच नाही. तिकडं अखंड रेघ म्हणजे भिंत समजायची. तुमचा एक्झिट अखंड रेघेच्या पलीकडं राहिला तर राहिला. पुढच्या एक्झिटला उतरून परत या, दहा किलोमीटर जास्त लागतील. मधेच रेघ तोडून घुसायचं नाही आणि कडेला थांबून रिव्हर्स तर मुळीच नाही.

'थांबा'च्या पाटीखाली रस्त्यावर जाड आडवी रेघ असते. चाक पूर्ण थांबायला हवं. रस्ता रिकामा आहे म्हणून हळू करून निघालात तर ते थांबणं नव्हे. 'वाट द्या' असेल तर तीच रेघ तुटक असते. स्वित्झर्लंड आणि इटलीत रेघेऐवजी पांढऱ्या त्रिकोणांची ओळ असते, करवतीच्या दात्यांसारखी. दाते तुमच्याकडं वळलेले असतील तर वाट तुम्ही द्यायची.

आणखी एक, फ्री लेफ्ट विसरा. तिकडं त्याची जागा उजवं वळण घेईल असं आपल्याला उगाच वाटतं. लाल सिग्नलला उजवीकडंसुद्धा जायचं नाही. काही ठिकाणी सिग्नलशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण रंगवलेला असतो, तिथंच जाता येतं, तेही आधी पूर्ण थांबून.

वडगावचे_अण्णा

सूनबाई, गुरुजी, लेथवाले, मनापासून आभार. आता ऑटोबानचं, म्हणजे जर्मनीतल्या मोठ्या हायवेचं सांगा. तिथं वेगाला मर्यादाच नाही असं इकडं सगळे सांगतात.

खानापूरची_सून

अर्धं खरं. बऱ्याच पट्ट्यात मर्यादा आहे आणि ती पाटीवर लिहिलेली असते, काही ठिकाणी वरच्या विजेच्या पाटीवर बदलतीसुद्धा. पांढरा गोल आणि त्यावर तिरक्या काळ्या रेघा दिसल्या की मर्यादा संपली. तरी १३० ही सुचवलेली गती आहे, तुम्ही त्याच्या आतच राहा. आकड्याखाली पट्टीवर 'बाय नेसे' असेल तर ती मर्यादा रस्ता ओला असतानाची.

गावात शिरताना मात्र आकडा शोधत बसू नका. गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की तिथूनच ५०. गावाबाहेर पडताना तेच नाव लाल रेघेनं छाटलेलं असतं, तिथून १०० (गावांमधल्या साध्या रस्त्यावर). त्या पिवळ्या पाटीच्या पुढं कॅमेरे असू शकतात.

डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. ओव्हरटेक झालं की परत उजवीकडं. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे.

उद्यमबाग_लेथ

हे शेवटचं आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं. आपल्या एनएच-४८ वर लोड ट्रक आतली (दुभाजकाकडची) लेन धरून बसतो आणि आपण बाहेरून काढतो, ही सवय हातात भिनलेली आहे. तिकडं तुम्ही आतल्या लेनमध्ये शंभरनं निवांत गप्पा मारत चाललात तर मागं काही सेकंदांत हेडलाइट भरून येतो.

ट्रॅफिक तुंबला तर बघा: सगळ्यात डावीकडची लेन डावीकडं सरकते, बाकीच्या सगळ्या उजवीकडं, आणि मधे अँब्युलन्ससाठी वाट मोकळी होते. अँब्युलन्स आल्यावर नाही, गाड्या हळू व्हायला लागल्या की लगेच. न केल्यास मोठा दंड. आपल्याकडं ती मधली जागा पहिली बाइक भरते.

निपाणी_केए२३

मी दुबईत असतो, त्यामुळं युरोपचं माहीत नाही. पण वाचता वाचता एक सांगावंसं वाटलं. एकाच देशात वेगवेगळा हिशोब असू शकतो. दुबईत पाटीवरच्या आकड्यावर २० पर्यंत कॅमेरा सोडतो, हे इथल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला तोंडपाठ. अबूधाबीनं २०१८ मध्ये ती सूट काढून टाकली, पाटीवर जे लिहिलंय तेच. त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत, हद्द ओलांडली की पाय हलका करायचा. तेव्हा 'तिकडं असं चालतं' हे ऐकीव ज्ञान कुठल्या हद्दीचं आहे ते विचारून घ्या.

पार्किंगचं बघायचं तर फुटपाथच्या कडेचा रंग बघा. अबूधाबीत निळसर हिरवा-काळा म्हणजे साधं, निळसर हिरवा-पांढरा म्हणजे महागडं.

शहापूरचे_गुरुजी

हद्दीवरून आठवलं. अण्णा, तुम्ही स्वित्झर्लंडमार्गे जाणार असाल तर मजा बघा. जर्मनीत मोठा हायवे निळ्या पाटीवर आणि साधा मुख्य रस्ता पिवळ्या पाटीवर. स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरलात की भाषा जर्मनच राहते, पण हायवे हिरव्या पाटीवर जातो आणि निळी पाटी साध्या मुख्य रस्त्याची होते. इटलीतही हिरवा म्हणजे ऑटोस्ट्राडा, तिथला मोठा हायवे. निळ्याच्या मागं लागून निघालात तर गावागावांतून फिरत राहाल. आपल्याकडं हद्दीवर अक्षरं बदलतात, तिकडं अक्षरं तीच राहतात आणि रंग बदलतो.

वडगावचे_अण्णा

वा गुरुजी! हे कोणीच सांगितलं नव्हतं. लिहून ठेवलं.

काकती_ते_लेस्टर

मी इंग्लंडमध्ये आहे. त्या पांढऱ्या गोलावरच्या तिरक्या रेघेबद्दल सांगतो, कारण तीच पाटी इकडं वेगळं सांगते. जर्मनीत मर्यादा संपली. इंग्लंडमध्ये पांढऱ्या गोलावर एकच काळी तिरकी रेघ, आणि तिचा अर्थ देशाची ठरलेली मर्यादा सुरू: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ६० मैल, दुभाजक असलेल्यावर ७० मैल. मैल हं, किलोमीटर नव्हे. जर्मनी करून इकडं येणारे पाहुणे तिथं फसतात.

बाकी इंग्लंड आपल्या लोकांना सोपं. गाडी डावीकडून, सर्कलवर उजवीकडच्याला वाट. पण झेब्रा क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूला नागमोडी पांढऱ्या रेघा असतात, तिथं थांबणं नाही, ओव्हरटेक नाही. नाक्यावर पिवळ्या जाळीचा चौकोन असतो, पलीकडं बाहेर पडायला जागा असल्याशिवाय त्यात शिरायचं नाही. कॅमेरा तिथंही असतो.

अनगोळ_ते_डल्लस

अमेरिकेत या करारातलं काही लागू नाही, धोक्याची पाटी त्रिकोणी नसून पिवळा उभा चौकोन असतो. म्हणजे जर्मनीत ज्या आकाराचा अर्थ 'बिनधास्त जा, मान तुमचा', त्याच आकाराचा इथं अर्थ 'सांभाळून'. (इथं त्यावर काळं चित्र किंवा अक्षरं असतात, जर्मनीत कोरा, हा ओळखायचा फरक.)

पट्ट्यांचा हिशोब मात्र इथला मला आवडतो. पिवळी रेघ म्हणजे पलीकडचे समोरून येणारे, पांढरी म्हणजे पलीकडचेही आपल्याच दिशेचे. तुमच्या डाव्या हाताला पांढरी रेघ आणि उजव्या हाताला पिवळी दिसली तर तुम्ही उलट्या बाजूनं चाललाय.

चारही बाजूंना 'स्टॉप' असलेले नाके आहेत. जो आधी थांबला तो आधी निघतो. दोघं एकदम आले तर उजवीकडचा. पोलीस नाही, सिग्नल नाही, आणि तरी चालतं. आमच्या बाबांना मी एक संध्याकाळ तिथं नुसतं बघायला उभं केलं होतं. शेवटी म्हणाले, 'आपल्याकडं यातला प्रत्येक जण आधी आलेला असतो.'

आणि पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून थांबली, बाजूचा 'स्टॉप' पाटीचा हात उघडला, की मागचे थांबतातच, मधे दुभाजक नसेल तर समोरून येणारेसुद्धा थांबतात. याला माफी नाही.

येळ्ळूर_गड

बाबांना आमच्याकडून चहा.

वडगावचे_अण्णा

आता इटलीचं. फ्लॉरेन्स आणि पिसा बघायचं ठरतंय.

उद्यमबाग_लेथ

इटलीत रस्ता सोपा, गावाचा जुना भाग अवघड. त्याला झेडटीएल म्हणतात, जुन्या गावठाणात ठरलेल्या वेळी परवान्याशिवाय गाडीला मनाई. पाटी तुम्ही विचारली तीच, रिकामा लाल गोल. खाली वेळा आणि कोणाला सूट याची बारीक अक्षरं, बाजूला खांबावर कॅमेरा. काही शहरांत वर विजेची पाटीही असते, 'वार्को आत्तिवो' म्हणजे बंदी आता चालू. पाटी गल्लीच्या तोंडाशी, भिंतीला लागून असते आणि मागं स्कूटरवाला चिकटलेला असतो. तिथं थांबून वाचायला कोणी देत नाही. फाटक नाही, शिट्टी नाही. गाडी आत जाते, कॅमेरा नंबर टिपतो, बाहेर पडून दुसऱ्या गल्लीतून परत शिरलात तर पुन्हा वेगळा दंड लागू शकतो.

कागद घरी उशिरा येतो. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला कायद्यानं ३६० दिवस आहेत. त्याआधी भाड्याच्या गाडीवाला तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल कार्डातून वेगळे पैसे कापून घेतो, ते दंडात धरलेले नसतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला ट्रिप विसरून गेल्यावर पाकीट आलं. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट मिळते, तेव्हा पाकीट टेबलावर ठेवून देऊ नका.

तुम्ही काय करायचं: हॉटेल जुन्या भागात घेत असाल तर बुकिंग करतानाच विचारा, गाडीचा नंबर ते पालिकेकडं नोंदवून देतात का. नाहीतर बाहेर गाडी लावून ट्रामनं आत जा. फ्लॉरेन्सला तेच शहाणपणाचं. पार्किंगचे पट्टे: पांढरे फुकट, निळे पैसे देऊन, पिवळे राखीव. पिवळ्यात लावायची नाही.

खानापूरची_सून

कागदपत्रांचं राहिलं. आयडीपी (परदेशात गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना) आरटीओतून किंवा सारथी पोर्टलवरून काढा, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, सोबत मूळ लायसन्स लागतंच. भारताची आयडीपी १९४९ च्या जिनिव्हा कराराखालची आहे, इटली त्यात आहे. जर्मनी मात्र १९६८ च्या करारातली, म्हणून तिथं लायसन्सचं मान्यताप्राप्त जर्मन भाषांतरही जवळ ठेवलेलं बरं. जर्मनीतले मोटार क्लब ते करून देतात, जावयांना आधीच सांगून ठेवा. आणि गाडी दुसऱ्या देशात न्यायची परवानगी भाड्याच्या करारात लिहून घ्या.

वडगावचे_अण्णा

लेकीनं गाडीत ठेवायला निळ्या पुठ्ठ्याचं घड्याळ घेतलंय म्हणे. ते कशाला?

खानापूरची_सून

ते पार्किंगचं. ठरावीक तास फुकट असलेल्या जागी काचेआड ठेवायचं. काटा आल्याच्या वेळेवर लावायचा नाही, पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा. १० वाजून १० मिनिटांनी आलात तर साडेदहावर. तिथून तुमचे दोन तास मोजायचे. मधेच येऊन काटा पुढं सरकवला तर दंड, आपली मंडळी हे हमखास करतात म्हणून सांगितलं. आणि पाटीवर 'वेर्कटाग्स' लिहिलं असेल तर त्यात शनिवार धरलेला असतो.

येळ्ळूर_गड

अण्णा, परत येताना स्वित्झर्लंडमार्गे की ऑस्ट्रियामार्गे?

वडगावचे_अण्णा

जाताना स्वित्झर्लंड, येताना ऑस्ट्रिया असं बघतोय. टोलचं काय, आपल्या फास्टॅगसारखं असतं का?

उद्यमबाग_लेथ

नाही. स्वित्झर्लंडमध्ये हायवेसाठी वर्षाचा एकच पास, ४० फ्रँक, एक दिवस गेलात तरी तेवढेच. स्टिकर मिळतो किंवा गाडीच्या नंबरावर ऑनलाइन. नसला तर २०० फ्रँक दंड आणि पासाचे पैसे वेगळे. भाड्याच्या गाडीवर आधीच आहे का ते घेताना काचेवर बघा. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचाही मिळतो, पण ब्रेनर घाटाच्या हायवेचा टोल त्यात धरलेला नाही, तो वेगळा. इटलीत मात्र आपल्यासारखं नाक्यावर: आत शिरताना तिकीट, बाहेर पडताना पैसे. पिवळी 'टेलेपास' लिहिलेली लेन सोडून उभे राहा, ती त्यांच्या फास्टॅगवाल्यांची.